पर्शियन मांजर : आपल्या हातांवर सोपवलेला जीव

मांजर पाळणं सोपं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं, आणि गावठी मांजरापुरतं ते बरंचसं खरंही आहे. ते आपलं अंग आपणच चाटून स्वच्छ ठेवतं. उन्हं तापली की मोरीच्या ओल्या फरशीवर नाहीतर माठाच्या आडोशाला जाऊन पडतं. माळ्यावर किंवा सरपणाच्या मागे कुणाला न कळता वितं आणि पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवतं. ‘मांजराचं मांजर बघून घेतं’ हे म्हणणं पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. पण हाच समज मनात ठेवून कुणी पर्शियन मांजर घरी आणलं, की त्याची किंमत त्या मांजराला मोजावी लागते. केसांच्या गाठींखाली कातडी सोलवटलेली, डोळ्यांतून पाणी वाहून तोंडावर काळपट खपल्या धरलेल्या, उन्हाच्या तडाख्यात तोंड उघडून धापा टाकणारी मांजरं दवाखान्यात येतात. त्यांना आणणारी माणसं बहुतेक वेळा प्रेमळ असतात. मांजर स्वतःचं बघून घेईल, यावर त्यांचा विश्वास असतो, एवढंच. हे पुस्तक त्या माणसांसाठी लिहिलं आहे.

पर्शियन मांजराचं आजचं रूप माणसाने घडवलं, आणि तेही फार थोड्या काळात. केस लांब आणि दाट केले, चेहरा गोल केला, नाक आत दाबलं, स्वभाव संथ निवडला. देखणेपणात जेव्हा जेव्हा अशी भर पडली, तेव्हा मांजर स्वतः करत असलेलं एखादं काम त्याला जड झालं किंवा अशक्यच झालं. ही कामं संपली नाहीत, ती आपल्याकडे आली. पर्शियन पाळणं म्हणजे ही कामं रोज, स्वतःच्या हातांनी करणं. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हेच सांगितलं आहे, म्हणून इथे ही कामं आपल्याकडे कशी आली ते आधी पाहू.

१६२० मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी इस्फहानमध्ये होता. तिथून लिहिलेल्या पत्रात त्याने खोरासान प्रांतातल्या राखाडी, रेशमी केसांच्या, झुबकेदार शेपटीच्या मांजरांचं वर्णन केलं आहे. त्यांच्या काही जोड्या रोमला न्यायचं त्याच्या मनात होतं. हाच देल्ला व्हाल्ले पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि चौलवरून गोव्याला गेला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पेरेस्क नावाच्या विद्वानाने अंगोऱ्याहून, म्हणजे आजच्या अंकाऱ्याहून, लांब केसांची मांजरं मागवली होती. आपल्याला अधिक ओळखीचं नाव म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईचे गव्हर्नर होण्याच्या आधी ते पेशावरला अफगाण दरबारात वकील म्हणून गेले होते. काबूलच्या राज्यावरचा त्यांचा ग्रंथ १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मांजरांचीही दखल घेतली आहे. लांब केसांची मांजरं या भागातून मोठ्या संख्येने बाहेर जातात, लोक त्यांना सगळीकडे पर्शियन म्हणतात, पण खुद्द इराणातून ती क्वचितच बाहेर पडतात, असं ते नोंदवतात.

व्यापाऱ्यांबरोबर आणि प्रवाशांबरोबर युरोपात पोचलेली ही मांजरं तिथल्या मांजरांत मिसळली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आजच्या पर्शियनचं नातं पश्चिम आशियातल्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जास्त जवळचं निघालं. म्हणजे दूरच्या वाळवंटी प्रदेशातून हा काटक प्राणी जसाच्या तसा आपल्यापर्यंत आला, असं समजायला जागा नाही. तो इंग्लंडच्या आणि नंतर अमेरिकेच्या प्रदर्शनांमधून घडत गेला.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते हॅरिसन वेअर या चित्रकाराने भरवलं होतं. त्या काळात मांजर म्हणजे उंदीर मारण्यापुरता घरात ठेवलेला जीव. लोकांनी त्याच्याकडे नीट पाहावं, त्याला मायेने वागवावं, अशी वेअर यांची इच्छा होती. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला तेव्हा तेच पहिले अध्यक्ष झाले. पुढे त्यांनी ते पद सोडलं. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांची ओढ जास्त आहे, ही त्यांची खंत होती. ज्याने प्रदर्शनांची सुरुवात केली, त्यालाच त्यांतला धोका सर्वांत आधी दिसला. दीडशे वर्षांनंतर तपासणीच्या टेबलावर श्वासासाठी झगडणारं पिल्लू समोर येतं, तेव्हा वेअर यांची ती खंत किती खरी होती हे कळतं.

अर्थात वेअर यांच्या काळातल्या पर्शियनला व्यवस्थित नाक होतं. फ्रान्सेस सिम्प्सन यांच्या १९०३ च्या जाडजूड ग्रंथातली छायाचित्रं पाहिली, तर तेव्हाची बक्षीसपात्र मांजरं आज कुणी ‘ही पर्शियन नाहीच’ म्हणून बाजूला सारेल, इतकी वेगळी दिसतात. चपटा चेहरा पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला. आत दबलेल्या नाकाची काही पिल्लं जन्मली, ती लोकांना आवडली, आणि त्यांच्यापासून निवडून निवडून वंश वाढवला गेला. आपल्या बाजारात आज ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ आणि ‘एक्स्ट्रीम पंच’ अशी उतरंड लावतात, आणि नाक जितकं आत तितका भाव वर. माझ्या मते ही किंमत उलट्या क्रमाने लागायला हवी.

त्याचं कारण कवटीत आहे. वरच्या जबड्याचं हाड आखूड झालं, पण त्यात बसायचे दात, टाळू, नाकातली त्वचा यांचा पसारा तेवढाच राहिला. सगळं कमी जागेत कोंबलं गेलं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात जाणारी अश्रुनलिका सरळ उतरण्याऐवजी वाकडीतिकडी झाली, म्हणून पाणी नाकात न जाता गालावर ओघळतं. नाकपुड्या अरुंद झाल्या, म्हणून झोपेत घरघर ऐकू येते. तिला लोक कौतुकाने घोरणं म्हणतात. कोरडं खाणं दातांनी नीट उचलता येत नाही, म्हणून ही मांजरं पुष्कळदा जिभेच्या खालच्या बाजूने दाणे ओढून घेतात. पिल्लांची डोकी मोठी आणि गोल, त्यामुळे बाळंतपण अडण्याचा धोका अधिक. ब्रिटनमधल्या गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी या संस्थेने या बाबतीत एक साधी मर्यादा घातली आहे. मांजराकडे समोरून पाहिलं असता नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर असता कामा नये. पिल्लू घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं जरी पाहिलं, तरी अनेक जीवांचा त्रास वाचेल.

चेहऱ्यामुळे आणखी एक गोष्ट हरवली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मांजराला दुखत असेल तर कान थोडे बाहेर वळतात, डोळे बारीक होतात, नाका-तोंडाभोवतीचा भाग ताणला जातो. जाणकार माणूस यावरून दुखणं ओळखतो. २०२० मध्ये ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी मांजरांच्या अनेक चेहऱ्यांची मोजमापं तुलनेसाठी घेतली. त्यात असं दिसलं की पर्शियनसारख्या चपट्या चेहऱ्यांच्या मांजरांचा नेहमीचा, काहीही दुखत नसतानाचा चेहराच दुखणाईत मांजरासारखा दिसतो. म्हणजे खरोखर दुखायला लागलं, तरी चेहरा फारसं वेगळं काही सांगत नाही.

आणि याला जोड मिळते स्वभावाची. पर्शियन शांत असतं. ते पडद्यावर चढत नाही, फ्रीजवर उडी मारत नाही, रात्री घरभर धुमाकूळ घालत नाही. त्याला जमिनीलगत किंवा थोड्या उंचीवर, सगळी खोली दिसेल अशी जागा लागते आणि ती एकदा ठरली की ठरली. आवाज बारीक, तोही क्वचित. पाहुण्यांच्या पुढे पुढे करणार नाही, पण घरातल्या एक-दोन माणसांना धरून राहील. त्यांच्या मागोमाग या खोलीतून त्या खोलीत येईल आणि हाताच्या अंतरावर बसेल. मांडीवर येऊन बसेलच असं नाही. उचलून घेतलं तर बहुतेक पर्शियन निमूट राहतात आणि इथेच गैरसमज होतो. निमूट राहणं म्हणजे आवडणं नव्हे. लहान मुलं त्याला बाहुलीसारखं काखोटीला मारून हिंडतात, ते काही बोलत नाही आणि मोठ्यांना वाटतं, किती गरीब आहे! शेपटीचं टोक आपटतंय का, कान मागे गेलेत का, सोडल्याबरोबर पलंगाखाली जातंय का, हे पाहायला शिकलं पाहिजे आणि मुलांनाही शिकवलं पाहिजे.

पर्शियनला आळशी म्हणणंही मला पटत नाही. ते थोडा वेळ खेळतं, पण मन लावून खेळतं. दोरीला बांधलेलं पीस जमिनीवरून सरपटत नेलं, तर चांगलं थोराड झालेलं मांजरही दबा धरून बसतं. मात्र दम लवकर लागतो, म्हणून पाच-दहा मिनिटांचे दोन-तीन खेळ दिवसात पुरतात. त्याला घडी मोडलेली आवडत नाही. जेवणाची वेळ, लिटरच्या ट्रेची जागा, रात्री दिवे मालवण्याची वेळ यांत फरक पडला की ते बिथरतं. दसऱ्या-दिवाळीची झाडलोट, गणपतीतली वर्दळ आणि फटाके हे त्याच्यासाठी मोठे प्रसंग असतात. त्या दिवसांत त्याची एक बंद खोली, त्यात त्याचं पाणी, ट्रे आणि अंथरूण असावं.

एकूण असं, की चेहरा सांगत नाही आणि तोंड तक्रार करत नाही. म्हणून या मांजराची तब्येत दुसऱ्याच खुणांवरून वाचावी लागते. ट्रेमध्ये रोज किती गोळे निघतात, पाण्याचं भांडं किती उतरतं, नेहमीची जागा सोडून ते कुठे बसू लागलंय, दोन्ही पाय पोटाशी घेऊन पाठ वर काढून बसतंय का, हे घरातल्या कुणीतरी रोज पाहायचं. बोका ट्रेमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट पाहू नये. ते त्याच्या जिवावर बेततं. दिवसभर काहीच खाल्लं नाही तरी दवाखाना गाठावा. आणि मांजर कुत्र्यासारखं जीभ बाहेर काढून धापा टाकू लागलं, तर ते गमतीचं दृश्य नाही, तातडीची खूण आहे.

आता केस. मांजराचा केस ठरावीक लांबीला थांबतो, कारण एफजीएफ५ नावाचं जनुक त्याला थांबायला सांगतं. या जनुकात बिघाड असेल आणि तो आई-बाप दोघांकडून आला असेल, तर केस अधिक काळ वाढत राहतो. त्यामुळे दोन आखूड केसांच्या मांजरांनाही लांब केसांचं पिल्लू होऊ शकतं आणि केवळ लांब केस पाहून ‘पर्शियन आहे’ असं म्हणता येत नाही. खऱ्या पर्शियनच्या वरच्या लांब केसांखाली मऊ लोकरीसारखा दाट थर असतो. गुंता तिथे होतो. मांजराच्या जिभेवरचे काटे आखूड केसांतून सहज फिरतात, पण या थरातून ते कातडीपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे चाटून स्वच्छ राहण्याचं काम हे मांजर प्रामाणिकपणे करत राहतं आणि तरी ते पुरं होत नाही.

म्हणून रोज विंचरणं. ब्रश वरवर फिरवून केस चमकतात, पण आतला गुंता तसाच राहतो. धातूची फणी घ्यावी, आधी विरळ दातांची, मग बारीक, आणि केसांच्या मुळापासून बाहेर यावं. काखा, कानांमागे, जांघा, पोट आणि शेपटीखाली सर्वांत आधी गाठी होतात. नेमक्या याच जागी हात लावलेला मांजराला आवडत नाही, म्हणून पिल्लू घरात आल्या दिवसापासून दोन-दोन मिनिटांनी सुरुवात करावी. गाठ झालीच तर कात्री लावू नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्रीच्या पात्यात येते. अशी चिरलेली कातडी शिवायची वेळ पुष्कळदा येते. गाठ बोटांनी सोडवावी, नाही सुटली तर यंत्राने काढून घ्यावी. शेपटीखालचे आणि मागच्या पायांमधले केस मुळातच आखूड ठेवले, तर शी चिकटण्याचा त्रास टळतो.

अंघोळीचा क्रम उलटा झाला तर सगळं बिघडतं. आधी पूर्ण विंचरायचं, मग पाणी. न विंचरता भिजवलेला गुंता वाळल्यावर नमद्यासारखा घट्ट बसतो. आणि अंघोळीनंतर कातडीपर्यंत कोरडं करायचं. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते. पर्शियनला बुरशीचा त्रास इतर मांजरांपेक्षा जास्त होतो. त्यातली नायट्याची बुरशी माणसांनाही लागते. मुलाच्या हातावर गोल लालसर चट्टा आणि मांजराच्या कानाशी केस गेलेला ठिपका एकाच घरात दिसला, तर दोघांनाही डॉक्टरांकडे न्यावं. मांजराला घरातून काढून टाकायची गरज नसते. उपचार असतो, फक्त तो चिकाटीने आठवडेच्या आठवडे करावा लागतो.

उन्हाळा हा वेगळा प्रश्न आहे. मांजराला घाम पंजांच्या गादीपुरताच येतो. एरवी ते अंग चाटून, ती ओल वाळवून थंड होतं. दाट केसांत ते नीट होत नाही आणि आखूड नाकातून घेतलेली हवाही पुरेशी गार होत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पर्शियनला ठेवून दिवसभर कामावर जाणं धोक्याचं आहे. सावलीची खोली, खेळती हवा, पंखा, गार फरशी आणि दोन-तीन ठिकाणी पाणी एवढी तरी सोय हवीच. जिथे ऊन फारच कडक, तिथे उन्हाळ्याआधी जाणकाराकडून केस कमी करून घ्यायला माझी हरकत नाही. शोभा कमी होते, मांजराला बरं वाटतं.

खाण्याबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडंच सांगते. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-मासळीत असतं. ते कमी पडलं तर दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूधभातावर गावठी मांजर जगलेलं आपण पाहिलं आहे, पण ते बाहेर उंदीर-चिमण्या खात होतं. घराबाहेर न पडणाऱ्या पर्शियनला ती सोय नाही. शाकाहारी घराने मांजर आणताना हा विचार आधी करावा. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराच्या रक्तपेशी नासवतो. आणि तापाची म्हणून घरात असलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषध मांजराला कधीही लावू नये.

या जातीच्या आनुवंशिक आजारांत सर्वांत मोठा आहे मूत्रपिंडांचा. जन्मतःच मूत्रपिंडांत बारीक पाण्याच्या गाठी असतात, त्या वयाबरोबर वाढतात आणि निरोगी भाग खात जातात. मांजर मध्यम वयाचं, साधारण सात वर्षांच्या आसपासचं होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. मग पाणी जास्त पिणं, वजन उतरणं, उलट्या. २००४ मध्ये यामागचा जनुकीय बदल सापडला. तो आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. निरनिराळ्या देशांत तपासलेल्या पर्शियन मांजरांपैकी तिसरा हिस्सा आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक मांजरांत हा आजार आढळला होता. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ही चाचणी होते, सोनोग्राफीतही गाठी दिसतात. ज्या देशांत पैदास करणाऱ्यांनी चाचणी करून मगच जोड्या लावल्या, तिथे आजार कमी होत गेला. चाचणी केली तर टाळता येणारं हे दुखणं आहे, म्हणून त्याबद्दल मला गप्प बसवत नाही. आपल्याकडे पिल्लाची किंमत हजारांत घेतली जाते, कागदपत्रं दाखवली जातात, पण आई-बापांचा मूत्रपिंडांचा अहवाल मागणारं गिऱ्हाईक विरळा. गिऱ्हाइकांनी मागायला सुरुवात केली, तर विकणारेही चाचणी करू लागतील.

पिल्लू घ्यायचंच असेल, तर त्याची आई पाहायला मिळेल अशाच ठिकाणी जावं. ती झोपलेली असताना तिचा श्वास ऐकावा. डोळ्यांखालचा भाग कोरडा आहे का, नाकपुड्या मोकळ्या आहेत का, पाहावं. दुकानातून घेत असाल तर २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी, ती विचारावी. पिल्लू निदान दोन महिने तरी आईजवळ राहिलेलं असावं, तीन महिने झाले असतील तर उत्तम. मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींत राहत असाल, तर पिल्लू आणण्याच्या आधी खिडक्या आणि गॅलरीला जाळी बसवून घ्यावी. शांत स्वभावाचं मांजरही कबुतरामागे झेपावतं.

आणि एक विनंती. केस सांभाळता आले नाहीत, घर बदललं, बाळ झालं, अशा कारणांनी सोडून दिलेली मोठी पर्शियन मांजरं प्राणिमित्रांकडे येत राहतात. रस्त्यावर ती टिकत नाहीत. अशा मांजराचा स्वभाव कळून चुकलेला असतो, चेहरा-नाक-श्वास समोर दिसत असतो, मूत्रपिंडांची सोनोग्राफी त्याच आठवड्यात करता येते. पिल्लाच्या शोधात निघालेल्यांनी आधी तिथे चौकशी करावी. मोठं मांजर नव्या घरी आल्यावर पहिले काही दिवस पलंगाखालीच राहील, खाणं रात्री सगळे झोपल्यावर संपवेल. त्याला ओढून बाहेर काढू नये. फणी मात्र त्याच्या नजरेला पडेल अशी, त्याच्या खाण्याच्या वाटीशेजारी ठेवून द्यावी, म्हणजे पुढे ती हातात घेतल्यावर ते दचकणार नाही.